ओलं फडकं नेमकं कुठे ठेवायचं?

माझ्या मामांची पद्मिनी मोटार उन्हाळ्यात हमखास बोरघाटात बंद पडायची. दादरहून पुण्याला निघालो की खोपोलीपर्यंत काही तक्रार नसे. घाट लागला, दुसऱ्या गियरवर इंजिन कण्हायला लागलं, की अमृतांजन पुलाच्या अलीकडे कुठेतरी गाडी गप्प. सेल्फ मारला की इंजिन गरागरा फिरायचं, पण पकडायचं नाही. मग बॉनेट उघडायचं, कॅनमधल्या पाण्यात फडकं भिजवायचं, ते पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचं आणि मुलांना कठड्यापाशी नेऊन काकडी खायला द्यायची. अर्ध्या तासानं गाडी पहिल्या सेल्फला सुरू! "पेट्रोल उकळतं हिचं," मामा म्हणायचे, आणि घाटात थांबलेले बाकीचे गाडीवाले माना डोलवायचे.

दोन वर्षांत पंप दोनदा बदलला, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून साफ केला, पेट्रोलची नळी नवी टाकली. गाडी घाटात बंद पडायची ती पडायचीच.

१९९४च्या मे महिन्यात असेच थांबलो होतो. थोडं पुढे एका टॅक्सीचं काम करणारे खोपोलीचे एक वयस्क मिस्त्री आमच्याकडे आले. मामा फडकं पिळत होते. मिस्त्रींनी त्यांचा हात धरला. "साहेब, फडकं नका लावू अजून. गरम आहे तोवरच कळेल काय ते. थंड झाली की ही काही बोलायची नाही."

या वाक्याचा अर्थ मला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकताना नीट उमगला. अर्धा तास थांबल्यावर गाडी सुरू होते, कारण त्या अर्ध्या तासात सगळंच थंड झालेलं असतं: पंप, नळी, कार्ब्युरेटर, कॉइल, कंडेन्सर, तारा. दोष यातल्या कशातही असू शकतो आणि थंड झाल्यावर तो कशातच दिसत नाही. फडकं पंपावर होतं म्हणून श्रेय पंपाला गेलं, एवढंच. गाडी खरोखर कशामुळे अडली हे जाणून घ्यायचं तर एका वेळी एकच गोष्ट थंड करायला हवी, बाकी सगळं तापलेलं असतानाच.

आधी मामांच्या समजुतीबद्दल, कारण ती चुकीची नव्हती. पेट्रोल खरंच उकळतं. पाण्यासारखा त्याला एक ठरावीक उत्कलनबिंदू नाही. ते शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातला पेंटेनसारखा हलका भाग ३६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, जड भागाला दोनशेच्या आसपास तापमान लागतं. मे महिन्यात बॉनेटखाली ३६ अंश म्हणजे काहीच नाही. त्यातून पद्मिनीचा पंप इंजिनाच्या ठोकळ्यालाच बोल्टनं बसवलेला, आणि टाकी मागे डिकीच्या बाजूला. म्हणजे पंप पेट्रोल ढकलत नाही, लांबून ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. खंडाळ्याच्या उंचीला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्के कमी असतो. तीही भर पडते. पेंटेनची वाफ झाली की तिला द्रवाच्या सुमारे २०० पट जागा लागते. पंपाचा पडदा खालीवर होत राहतो, पण आत वाफ असेल तर ती नुसती ताणली जाते आणि दाबली जाते, पुढे काही सरकत नाही. सायकलचा पंप तोंडावर बोट ठेवून मारावा तसं.

मिस्त्री लोक या पंपाला 'एसी पंप' म्हणतात. मी लहानपणी त्याचा संबंध थंडाव्याशी जोडत असे. ही अक्षरं आहेत आल्बेर शाम्पियों या माणसाच्या नावाची. हा फ्रान्समधला सायकल शर्यतपटू. अमेरिकेत जाऊन त्यानं स्पार्क प्लगचा कारखाना काढला, आणि ती कंपनी पुढे असे पंपही बनवू लागली. इंग्रजी उच्चारात तो अल्बर्ट चॅम्पियन. खोपोलीच्या गॅरेजात त्याची आद्याक्षरं अजून रोज उच्चारली जातात.

घाटात एक गोष्ट माणसाच्या अंदाजाच्या उलट घडते. इंजिन बंद पडल्यावर बॉनेटखालचं तापमान लगेच उतरत नाही, आधी चढतं. चालू इंजिनात पाणी फिरत असतं, पंखा हवा ओढत असतो. इंजिन थांबलं की दोन्ही थांबतात, पण लोखंडाच्या ठोकळ्यात साठलेली उष्णता बाहेर येतच राहते आणि आजूबाजूच्या वस्तूंना तापवते. म्हणून पाच-दहा मिनिटांनी पंप आणि कार्ब्युरेटर चालू गाडीतल्यापेक्षाही जास्त गरम असतात. चहाला थांबलेली जुनी गाडी चहानंतर सुरू होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

मिस्त्रींनी मामांना पहिला प्रश्न विचारला, "कशी बंद पडली? गचके खात, की दिवा विझवल्यासारखी?"

मामांनी आठवून सांगितलं, "थोडी मिसिंग मारली आणि एकदम गेली."

हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि त्याला हत्यारं लागत नाहीत. पेट्रोल कमी पडत गेलं तर गाडी आधी ओढ सोडते, गचके खाते, ॲक्सिलरेटर दाबूनही उचलत नाही, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत शिल्लक असलेलं पेट्रोल संपायला थोडा वेळ लागतो. वीज गेली तर अशी उसंत मिळत नाही. ठिणगी गेली की त्याच क्षणी इंजिन मेलं. मामांचं उत्तर दोन्हींच्या मधलं होतं, पण विजेकडे झुकणारं.

मग मिस्त्रींनी एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि कार्ब्युरेटरच्या गळ्यात बघत हातानं थ्रॉटल ओढला. बारीक पिचकारी उडाली. पुन्हा ओढला, पुन्हा उडाली. "पेट्रोल तर आहे की हो हिच्यात." पंपात वाफ अडून वाटी कोरडी पडली असती, तर पिचकारी उडाली नसती. दोन वर्षं ज्याच्यावर खर्च केला तो संशयित अर्ध्या मिनिटात सुटला. (गळ्याशी पेट्रोलचा उग्र वास येत असता आणि प्लग ओले निघाले असते, तर गोष्ट उलटी झाली असती: उष्णतेनं वाटीतलं पेट्रोल उतू जाऊन इंजिनात गरजेपेक्षा जास्त शिरलंय. अशा वेळी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारायचा, पंपासारखा वरखाली करायचा नाही.)

राहिली वीज. मिस्त्रींनी झाकण परत बसवलं, कुठे पेट्रोल सांडलेलं नाही ना ते पाहिलं आणि कॉइलमधून (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या डब्यातून) येणारी जाड तार डेल्कोच्या, म्हणजे ती वीज प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या, मधल्या भोकातून उपसली. रबरी मुठीच्या पकडीनं तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून चार-पाच मिलिमीटरवर धरलं. मामांनी सेल्फ मारला. भर उन्हात ठिणगी दिसायला कठीण, म्हणून मी टॉवेलनं सावली केली होती. बारीक, नारिंगी, अधूनमधून येणारी ठिणगी. ती खरी असायला हवी निळसर-पांढरी, चट्‌चट् आवाज करणारी.

आता फडकं. ते भिजवून, घट्ट पिळून त्यांनी कॉइलच्या डब्याभोवती गुंडाळलं. वरचं तारेचं टोक कोरडं राहील याची काळजी घेतली. पंपाला हातही लावला नाही. सात-आठ मिनिटं झाली. फडकं आणखी एकदा भिजवून झालं. इंजिन तापलेलंच होतं, पंपावर बोट टेकवत नव्हतं. पुन्हा तार धरली: निळी ठिणगी, आवाजासकट. तार जागेवर लावली, सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली.

त्या दिवशी मी पाहिलेला तो प्रयोग मला आजही कुठल्याही प्रयोगशाळेत शोभेल असा वाटतो. बाकी सगळं तसंच, बदल एकच, आणि तोही असा की त्याचा परिणाम डोळ्यांना दिसावा.

गरम झाल्यावर कॉइल का हरते, याचं उत्तर तांब्यात आहे. कॉइल म्हणजे तेलानं भरलेल्या डब्यात एकाच लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी: एक जाड तारेच्या काहीशे फेऱ्यांचं, दुसरं केसासारख्या तारेच्या हजारो फेऱ्यांचं. जाड वेटोळ्यातून बॅटरीची १२ व्होल्टची वीज वाहते आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठतं. डेल्कोतले पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी छोटी टोकं) उघडले की ती वीज एकदम तुटते, क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. चार सिलिंडरच्या इंजिनात हे मिनिटाला ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० वेळा घडतं.

तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यानं वाढतो. ३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला ४ अँपिअर वाहतात. तीच कॉइल २५ अंशांवरून १०० अंशांवर गेली की रोध जवळपास ३० टक्के वाढतो आणि प्रवाह ३.१ अँपिअरवर येतो. पण साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ती थेट ६० टक्क्यांवर घसरते. त्यात सेल्फ मारताना बॅटरीचं दाबमान १० व्होल्टपर्यंत पडतं. तेही धरलं तर हाती राहते ४० टक्क्यांच्या आसपास. चालत्या गाडीला जे निभतं ते बंद पडलेल्या गरम गाडीला निभत नाही, यामागे हा हिशेब आहे. निरोगी कॉइल एवढ्यावरही इंजिन पेटवते. तिच्या आतलं तारेवरचं आवरण जुनं होऊन भेगाळलं असेल, तर गरम झाल्यावर ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी आतल्या आतच उडी मारते.

आणि ही कॉइल इतकी तापली कशानं? मिस्त्रींनी पहिल्यांदा आल्या आल्या किल्ली बंद करायला लावली होती, ते उगाच नाही. इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले आणि किल्ली चालूच असली, तर ते ४ अँपिअर अखंड वाहतात. १२ गुणिले ४, म्हणजे ४८ वॅट उष्णता त्या मुठीएवढ्या डब्यात. डाक देण्याच्या सोल्डरिंग आयर्नएवढी. मामांना फाटकाशी इंजिन बंद करून किल्ली तशीच ठेवायची सवय होती. कॉइल वर्षानुवर्षं हळूहळू भाजत होती.

डेल्को हा शब्दही आपल्याकडच्या मिस्त्रींनी जपलेला आहे. डिस्ट्रिब्यूटरला डिस्ट्रिब्यूटर म्हणणारा मिस्त्री मला तरी भेटलेला नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ साली काढलेल्या कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांतून हे नाव आलं. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही रचना त्यांचीच, आणि १९१२च्या कॅडिलॅक गाडीत आलेला विजेचा सेल्फही त्यांचाच. म्हणजे डेल्को आणि सेल्फ, बंद गाडीशी झगडताना तोंडी येणारे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या कामातून आले.

डेल्कोच्या अंगाला करंगळीएवढा कंडेन्सर असतो. त्याचंही असंच. पॉइंट उघडताना वीज एकदम थांबायला राजी नसते, ती फटीतून उडी मारू बघते. कंडेन्सर तिला क्षणभर थांबायला जागा देतो, म्हणून तोड स्वच्छ होते. तो उष्णतेनं बिघडला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटांवर उडते. पॉइंट काळे-निळे पडून खड्डे पडले असतील तर कॉइलच्या आधी कंडेन्सरकडे बघावं. तो अगदी स्वस्त असतो, म्हणूनच बहुधा त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही.

'थांबल्यावर सुरू होते' या लक्षणाची नक्कल करणारे आणखी दोन दोष आहेत, आणि त्यांचा उष्णतेशी काही संबंध नाही. पहिला म्हणजे टाकीच्या झाकणाचं बुजलेलं भोक. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. भोक धुळीनं बुजलं की टाकीत दाब कमी होत जातो आणि शेवटी पंपाची ओढ हरते. थांबून राहिलं की हवा फटीफटीतून झिरपते आणि गाडी चालू होते. याची खूण सोपी: बंद पडल्या पडल्या झाकण फिरवा, 'फुस्स' असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दुसरं काही शोधू नका. आणखी एक खूण मला फार आवडते, कारण ती नुसत्या विचारानं काढता येते: टाकी फुल्ल असताना हा त्रास लवकर सुरू होतो. वर दोन लिटरच हवा असेल तर एक लिटर पेट्रोल जाताच ती दीडपट ताणली जाते. टाकी अर्धी असेल तर तेवढ्यानं तिला फारसं जाणवतही नाही.

दुसरा दोष टाकीतला कचरा. गंजाचे पापुद्रे ओढीनं नळीच्या तोंडाशी येऊन चिकटतात, इंजिन बंद पडलं की ओढ थांबते आणि ते खाली बसतात. ही गाडी दोन-तीन मिनिटांतच पुन्हा सुरू होते, आणि पहाटेच्या गारव्यातही बंद पडते. उष्णतेचा दोष पहाटे सहसा येत नाही. म्हणून कधी, किती वाजता, किती किलोमीटरनंतर, टाकीत किती पेट्रोल असताना गाडी बंद पडली, हे वहीत लिहून ठेवणाऱ्या माणसाला मी अर्धा मेकॅनिक मानतो.

आपल्याकडे २०००च्या सुमारास कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शन आलं. पंप टाकीत, पेट्रोलात बुडून बसला. तो पेट्रोल ओढत नाही, बऱ्याच मोठ्या दाबानं ढकलतो. त्यामुळे नळीत वाफ होण्याचा प्रश्न जवळपास मिटला. पण या गाड्याही आता पंचवीस वर्षांच्या झाल्या, आणि त्यांचंही गरम झाल्यावर अडणं सुरू झालंय. त्यांच्यात पहिला संशय क्रँकशाफ्टजवळच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याजवळच्या) सेन्सरवर घ्यावा. त्यातही बारीक तारेचं वेटोळंच असतं. तापून तार आतून सुटली की गाडीच्या संगणकाला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो पेट्रोलही देत नाही आणि ठिणगीही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून अजिबात हलत नसेल, तर या सेन्सरकडे बघावं. किल्ली चालू केल्यावर मागून दोन सेकंद येणारा पंपाचा घूंऽऽ आवाज ऐकू आला नाही, तर पंप किंवा त्याचा रिले (त्याला वीज देणारा आपोआप चालणारा स्विच). रिलेमधल्या डाकाला केसाएवढी भेग असेल तर उन्हात उभी गाडी सुरू होत नाही आणि काचा उघडून डॅशबोर्डखाली वारा लागू दिला की होते. इथेही पद्धत तीच: एकच वस्तू थंड करून बघायची. किंवा गॅरेजात उलट करायचं, थंड गाडी चालू ठेवून संशयित भागावर केस वाळवायचं यंत्र धरायचं आणि ती मरते का ते पाहायचं.

जुनी कार्ब्युरेटरची गाडी आजही बाळगणाऱ्यांना एक वेगळं सांगायला हवं. आपल्या पेट्रोलात २०२५पर्यंत २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल एकटं पेट्रोलपेक्षा सावकाश उडतं, पण पेट्रोलच्या हलक्या भागात मिसळलं की दोघं मिळून वेगळ्याच रीतीनं वागतात आणि थोड्या प्रमाणातलं इथेनॉल मिश्रणाची वाफ वाढवतं. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यानं फुगतात, मऊ होतात, भेगाळतात. भेगाळलेली नळी ओढीच्या बाजूला पेट्रोल गळू देत नाही, हवा आत घेते. बाहेरून कोरडीठाक दिसते आणि पंप 'एअर घेतो'. अशा गाडीची पेट्रोलची प्रत्येक नळी इथेनॉल चालणाऱ्या रबराची बसवून घ्यावी, ती गळण्याची वाट बघू नये. इंजिनावर गळलेलं पेट्रोल ही गाडी बंद पडण्याहून फार मोठी गोष्ट आहे.

ओल्या फडक्याबद्दलही एक. ते इतकं प्रभावी असतं ते पाणी गार असतं म्हणून नव्हे. १ ग्रॅम पाणी १ अंशानं तापायला १ कॅलरी घेतं, पण तेवढंच पाणी वाळताना साधारण ५८० कॅलरी घेऊन जातं. म्हणून भडाभडा पाणी ओतण्यापेक्षा पिळलेलं फडकं आणि वारा जास्त काम करतात. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतलं तर ओतीव लोखंडाला तडा जाण्याची भीती असते ती वेगळीच.

मामांनी पुण्याला पोचल्यावर नवी कॉइल बसवली. त्यानंतर ती गाडी घाटात थांबली ती एकदा टायर पंक्चर झाला तेव्हा. जुनी कॉइल मी मागून घेतली. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीटरनं मोजली: खोलीच्या तापमानाला जाड वेटोळं ३ ओहम. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ८० अंशांच्या पाण्यात ठेवली, ३.६ ओहम. तांब्याच्या हिशेबाप्रमाणे बरोबर तेवढंच. बारीक वेटोळंही तुटलेलं नव्हतं. मीटरच्या मते कॉइल ठणठणीत होती. मीटर तिला दीड व्होल्ट देतो, आणि तिच्या आतली भेग ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. ते तिला घाटात मिळत होते.